लाल टाचणीचा वाद

प्रमिला,

सुजाता म्हणाली, "मावशी, आईवर काहीतरी लिहून द्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तिच्या आठवणीला सगळे जमतील तेव्हा वाचू." मी लिहायला बसले. जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती असं सगळं एका पानावर आलं आणि वाचून बघितलं तर त्यात तू कुठेच नव्हतीस. त्या पानावरची बाई शांत, मनमिळाऊ आणि विद्यार्थिप्रिय होती. शांत तू होतीस, हे खरं. पण मनमिळाऊ? माझ्याशी तर तू उभा जन्म भांडलीस. ते पान मी तुझ्या लेकीला देऊन टाकलं. तिनं ते वाचलं, लोकांनी माना डोलावल्या, मग सगळे जेवायला गेले. हे दुसरं मी फक्त तुला लिहितेय.

लातूर जिल्हा झाला तेव्हा आपण दोघी कॉलेजात नव्या होतो. उस्मानाबादपासून वेगळं झाल्याचा गावाला कोण आनंद! पाट्या रंगवणाऱ्यांना उसंत नव्हती. आपल्या प्राचार्यांच्याही अंगात आलं आणि प्रत्येक विभागानं नव्या जिल्ह्याची काहीतरी माहिती गोळा करावी असा हुकूम निघाला. इतिहासवाल्यांनी औशाचा किल्ला घेतला. वनस्पतीवाल्यांनी गवतं घेतली. आपल्या प्राणिशास्त्रात पक्षी विभागप्रमुखांनी स्वतःकडे ठेवले, साप दुसऱ्या सरांनी मागून घेतले आणि कुणालाच नको होते ते चतुर नि टाचण्या आपल्या पदरात पडल्या. बायकांना काय, तळ्याकाठी फुलपाखरासारखं काहीतरी पकडत बसतील, असा हिशेब असणार. मी स्टाफरूममध्ये तणतणले. तू डबा उघडत म्हणालीस, "बरं झालं की गं. ह्यात कुणी लुडबूड करणार न्हाई."

जुनी मच्छरदाणी फाडून तू जाळी शिवलीस. रविवारी सकाळची एसटी धरून आपण औशाच्या रस्त्यावरच्या त्या पाझर तलावावर उतरायचो. पहिले काही रविवार तर सगळेच सारखे दिसले. पंख पसरून बसतो तो चतुर आणि सुईसारखी बारीक, पंख मिटून बसते ती टाचणी, एवढंच आपल्याला कळायचं. मग हळूहळू डोळे बसले. शेपटीच्या टोकाशी निळा ठिपका असलेल्या टाचण्या एक नाहीत, दोन जातींच्या आहेत, हे तुझ्या आधी मला दिसलं, हे तू कधीतरी कबूल केलं होतंस. एकीची पाठ काळी, दुसरीची पिवळी, आणि निळा ठिपका पोटाच्या कितव्या भागावर आहे ते मोजायचं.

मारायचं नाही, हा नियम तुझा. कॉलेजच्या संग्रहालयाला टाचून ठेवलेले नमुने हवे होते, आणि तू सरळ नाही म्हणालीस. "मेल्यावर हिचा रंगच उडतोय. मग ओळखायचं कशानं?" चारी पंख पाठीवर मिटून दोन बोटांत हलके धरायचे, भिंगातून बघायचं, आणि सोडून द्यायचं. तुझी बोटं माझ्यापेक्षा हलकी होती. माझ्या हातून एकदा एकीचा पंख मोडला तर तू अख्खा रस्ता माझ्याशी बोलली नाहीस.

वाद लागला तो सगळ्यात बारक्या टाचणीवरून. काठाच्या गवतात अगदी खाली, पाण्याला टेकून उडणारी, नखाएवढ्या पंखांची. तिच्यातल्या काही माद्या हिरव्या असायच्या नि काही लालभडक. मी म्हणाले, ह्या दोन जाती. तू म्हणालीस, एकच. लाल ती तरणी, वय झालं की हिरवी होते. मला ते पटेना. एवढा रंग बदलतो का कुठं? तू मला जमिनीवर बसणाऱ्या त्या छोट्या चतुराची आठवण करून दिलीस. पट्ट्यापट्ट्यांचा पिवळा आणि राखेत लोळल्यासारखा निळा, ह्यांनाही आपण आधी दोन जाती समजलो होतो. मग बांधावर अर्धा पिवळा, अर्धा निळा असा एक नर सापडला आणि दोन्ही एकच निघाले.

"मग दाखव की अर्धी लाल, अर्धी हिरवी," मी म्हणाले. "दिसली की मानते."

"दाखवीन," तू म्हणालीस. "पण बघितल्याबिगर तू बी लिहायचं न्हाई आन् मी बी न्हाई."

आपण खूप शोधली. हिरव्या सापडायच्या, लाल सापडायच्या, मधली कधीच नाही. तू म्हणायचीस, रंग बदलतानाचे ते थोडे दिवस ती गवतात दडून बसत असेल. मी म्हणायचे, नसलेली गोष्ट दडूनच बसते. माझं हे वाक्य मला फार आवडायचं. तुला चीड यायची.

जिल्ह्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला. तलाव एकेका रविवारी आत आत सरकत गेला. जिथे आपण चपला काढून पाण्यात शिरायचो तिथं भेगा पडल्या, आणि शेवटी मधे एक डबकं राहिलं, त्याच्या एका अंगाला थोडं गवत. सगळ्या टाचण्या तिथे येऊन गोळा झाल्या होत्या. माझ्या मनात आलं, आता तर मधली सापडायलाच पाहिजे, जाणार कुठं?

त्या रविवारी बांधावरून एक म्हातारबाबा उतरून आले. आपल्या हातातली जाळी, भिंग नि वही बघत ते उभे राहिले.

"बाई, कलेक्टर हापिसातून आलाव का?"

"न्हाई मामा, कॉलेजातून," तू म्हणालीस.

"मग तळ्याची मोजणी कामून करून राहिलाव?"

तू त्यांना टाचणी दाखवलीस. बोटांत धरलेली, भिंगासकट. ते बराच वेळ बघत राहिले. "झ्याक हाय," म्हणाले. "आन् सरकार हिचं काय करनार?"

"काई न्हाई. नाव लिहून घेनार."

"नावं आमची बी लिहून नेली की. चार गावची नावं लिहून नेली. काम कुठं निघालं?"

मला वाटलं, आता निघावं. ऊन चढत होतं आणि दुष्काळात हातात कागद असलेला कुणीही दिसला की लोक त्याला सरकार समजत, ह्याला आपण काय करणार? तू वही मिटलीस आणि बांधावर बसलीस. मामांनी आणखी माणसं हाकारली. रोजगार हमीच्या कामासाठी अर्ज कुणी दिले, कधी दिले, पोच मिळाली का, ते तू एकेकाला विचारत राहिलीस. तुझे वडील औसा तालुक्यात सालगडी म्हणून राबलेले आणि तू घरातली पहिली शिकलेली. अर्ज कुठे जाऊन अडतो हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. सोमवारी तू रजा टाकून तहसील कचेरीत गेलीस. मंगळवारीही गेलीस. मी तुला म्हणाले, "आपण प्राणिशास्त्र शिकवतो, प्रमिला." तू म्हणालीस, "हाव. माणूस बी त्यातच येतो की."

काम निघालं. तुझ्यामुळे निघालं की निघायचंच होतं, ते देव जाणे. पण निघालं ते त्याच तलावातला गाळ काढायचं.

मी तेव्हा तुझ्यावर किती चिडले होते, ते आता आठवलं की हसू येतं. शेदीडशे माणसं टोपल्या घेऊन तळात उतरणार, म्हणजे ते गवत राहत नाही आणि डबकंही. "तू तुझ्याच हातानं घालवलंस," मी म्हणाले. "दोन महिने थांबली असतीस तर आपल्याला ती सापडली असती." तू मला एवढंच विचारलंस, "त्यांनी दोन महिने काय खायचं?" उत्तर नाही म्हणून मी आणखी चिडले. तशी माझी खोडच आहे.

मग तूच वाट काढलीस. टाचणीची पिल्लं पाण्यात वाढतात, काडीवर चढून कात टाकतात आणि तेव्हा त्यांना पंख फुटतात. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी डबक्यातली पिल्लं आपण एका भगुण्यात भरली, काड्या उभ्या केल्या, वरून मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि एसटीत मांडीवर घेऊन लातूरला आणलं. कंडक्टरनं विचारलं, दही हाय का? तू हाव म्हणालीस. तुझ्या खोलीवर नळाला थेंब नव्हता, म्हणून भगुणं आलं माझ्या घरी.

सासूबाईंनी ते बघितलं मात्र. "माणसाला घोटभर मिळंना आन् हे किड्याचं पाणी कामून झाकून ठेवलंय गं?" तू त्यांच्याजवळ बसून सांगितलंस की ही पिल्लं डासांच्या अळ्या खातात, ह्यांच्यामुळे हिवताप कमी होतो. त्या विरघळल्या. मग त्याच मांजर हाकलायला लागल्या, त्याच भगुणं उन्हातून सावलीत सरकवायला लागल्या. एक पिल्लू काडीवर अर्धं चढून परत पाण्यात उतरलं तेव्हा त्यांनी मला हाक मारून दाखवलं. मला वाटलं, आता चार-आठ दिवसांचा प्रश्न आहे. पंख फुटतील, लाल निघेल, ती हिरवी होते की नाही ते डोळ्यांसमोर दिसेल.

दुसऱ्या दिवशी आपण कॉलेजातून आलो तर भगुणं पालथं. टँकर आला नव्हता, आणि अंगणातलं वासरू सकाळपासून हंबरत होतं.

"तहानेनं जीव चालला होता लेकराचा," सासूबाई म्हणाल्या. "मला बघवलं न्हाई. तुमची किडं मी आधी काढून ठेवलीत हां, वाटीत. तिथं भिंतीवर."

भिंतीवर ऊन होतं. वाटी पितळेची, आत काहीच हलत नव्हतं.

मी काहीतरी बोलणार होते. तू माझा हात दाबलास आणि वासराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणालीस, "आत्याबाई, बरं केलंत." स्टँडपर्यंत मी तुझ्याबरोबर चालत आले. तू रडतेस की काय म्हणून मी बघत होते, तर तुझा खांदा हसण्यानं हलत होता. "वाटीत काढून ठेवलीत गं त्यांनी," तू म्हणत होतीस. "चमच्यानं काढली असतील. एकेक." मग आपण दोघी रस्त्यातच हसत उभ्या राहिलो. जाणारे येणारे बघत होते, दुष्काळात ह्या बायांना काय एवढं हसू येतंय म्हणून.

पुढच्या पावसाळ्यानंतर तलाव भरला. गाळ काढल्यामुळे जरा जास्तच भरला, हेही तू मला ऐकवलंस. गवत आलं, आणि कुठून कोण जाणे, बारक्या टाचण्याही परत आल्या, हिरव्या नि लाल. वाद तिथूनच पुढे सुरू झाला. प्राचार्यांची माहिती पुस्तिका तोवर छापूनही झाली होती, आणि आपल्या बारक्या टाचणीपुढे तुझ्या आग्रहानं "निश्चित नाही" एवढंच छापलं होतं. त्यावरून विभागप्रमुख आपल्याला वर्षभर चिडवत होते.

एकच वर्ष आपण भांडलो नाही. किल्लारीचा भूकंप झाला, त्यात तुझे मोठे भाऊ गेले. मी तुझ्याशी जपून बोलायला लागले. तू म्हणशील ते हो. एक दिवस तू तळ्याकाठी लाल टाचणी धरून म्हणालीस, "ही एकच जात हाय." मी गप्प राहिले. तू माझ्याकडे बघितलंस आणि डोळे भरून आले तुझे. "भांड की गं," म्हणालीस. "तू बी न्हाई भांडलीस तर मी काय समजू?" मग मी भांडले. रडत रडत भांडले. त्या दिवसाबद्दल आपण नंतर कधी बोललो नाही, म्हणून आता सांगते. तुला माझं भांडण हवं होतं, ह्याच्याएवढा मान मला आयुष्यात कुणी दिला नाही.

निवृत्तीनंतर तू सुजाताकडे नांदेडला गेलीस. फोन रोज संध्याकाळी. अधूनमधून मी अहमदपूरवरून जाणारी बस धरायची नि दोन दिवस राहून यायची. तुझं दुखणं निघालं तेव्हा सुजातानं मला आधी कळवलं, तुला नंतर. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटलं, आणि तू ते असं ऐकलंस की जणू परीक्षेचं वेळापत्रक लागलंय.

तेव्हा मी नांदेडला आले होते, त्या मुक्कामात सुजातानं मोबाइलवर शोधून दाखवलं. लाल मादी, हिरवी मादी, खाली लिहिलेलं की जात एकच. दोन मिनिटांत. "आई, तू जिंकलीस की!" ती म्हणाली. मीही सुटकेचा श्वास टाकला. चला, मिटलं. तू चष्मा लावून फोटो बघितलास आणि फोन परत दिलास.

"कुठल्या तळ्याची हाय ही?"

"असेल कुठलीतरी, आई."

"मग त्या तळ्याचं त्यांनी बघितलं. आमचं आम्ही न्हाई बघितलं अजून." आणि माझ्याकडे वळून, "कुसुम, तू बघ आन् मला सांग. लौकर सांग."

मी परत आले ती सरळ तळ्यावर गेले. गुडघे कुरकुरत होते. रिक्षावाला बांधावरून ओरडला, "मावशी, काय हरवलंय?" मी त्याला काय सांगणार? गवतात वाकून वाकून पाठीचा काटा ढिला झाला तेव्हा एक लाल सापडली, नुकते पंख वाळलेली. गॅलरीत गवताची कुंडी, शेजारी पाण्याची परात, सगळ्यावर मच्छरदाणी आणि आत पिकलेलं केळं ठेवलं, त्यावर चिलटं येतात आणि ती चिलटं ही खाते. रोज सकाळी भिंग घेऊन मी खाली बसायची. लाल. दुसऱ्या दिवशीही लाल. चाळीस वर्षं मी म्हणत आले की ही हिरवी होणार नाही, आणि आता मी तिच्यासमोर बसून हात जोडत होते की बाई, हो एकदाची. माझी सगळी हौस फिटली होती जिंकायची. मला हरायचं होतं, आणि तुझा आवाज फोनवर रोज बारीक होत होता.

एका संध्याकाळी मला राहवलं नाही. मी सांगितलं, "प्रमिला, अर्धी हिरवी झालीय."

तू जरा थांबलीस. धाप लागत होती तुला. मग विचारलंस, "कुठून सुरू झाली? शेपटीकडून की छातीकडून?"

मला कुठं ठाऊक होतं? मी म्हणाले, "शेपटीकडून."

"शेवटच्या भागापासून?"

"हो."

"कुसुम," तू म्हणालीस, आणि हसलीस. फार दिवसांनी हसलीस. "तू बघितलंच न्हाईस. खोटं बोलून राहिलीस."

"तुला कसं कळलं?"

"तू इतक्या लौकर हरायची न्हाईस."

तू म्हणालीस, घाई न्हाई, नीट बघ, मग सांग. घाई होती हे तुला माहीत होतं नि मलाही.

दोन दिवसांनी पहाटे सुजाताचा फोन आला. मी नांदेडला आले, तुला बघितलं. तुझा चेहरा शांत होता, खरंच शांत होता, त्या पानावर मी खोटं लिहिलं नव्हतं. सगळं झाल्यावर लातूरला परतले तर आठवलं, गॅलरीत एक जीव आहे आणि शेजारणीला मी फक्त केळं बदलायला सांगितलं होतं. तरी मी मच्छरदाणी उचलली नाही. भिंगही काढलं नाही. आता बघून कुणाला सांगायचं, असं वाटलं. पुण्यानुमोदनाला पुन्हा नांदेड, पुन्हा परत.

आज सकाळी मात्र परातीतलं पाणी बदलायला वाकले आणि ती समोरच होती. गवताच्या पात्यावर. छाती हिरवी, चांगली पोपटी हिरवी, मधोमध काळा पट्टा. पोट अजून लालसर, टोकाकडे तर चक्क लाल. अर्धी. आपण शोधत होतो ती. मी डोळे पुसले, भिंगाची काच पुसली, पुन्हा बघितलं. छातीकडून सुरू होतं, प्रमिला. आधी छाती, मग मागे मागे.

मला इतका आनंद झाला की मी धावत आत गेले आणि तुझा नंबर लावला. खरंच लावला. वाजायला लागला तेव्हा कळलं मी काय केलंय, पण ठेवायच्या आत कुणीतरी उचललं.

"मावशी?" सुजाता म्हणाली. "आईच्या फोनवर केलात?"

ती थांबली. तुझ्यासारखीच थांबते ती, समोरच्याला घाई न करता.

"आईला सांग," मी म्हणाले, "हिरवी झाली म्हणावं. छातीकडून."

छातीकडून, असं तिनं एकदा पुन्हा म्हणून बघितलं. मग म्हणाली, "सांगते, मावशी."